आरोग्य सेविकेची नोकरी आणि घरी दोन लहान लेकरं: राजीनामा द्यावा का?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळला की नाही ते तुम्हालाही कळेल. वय ३४, जिल्हा परिषदेत आरोग्य सेविका, नोकरीला अकरा वर्षं. मोठी मुलगी दुसरीत, धाकटा दोन वर्षांचा. राहता सासरच्या गावी, घाटंजीकडे. उपकेंद्र चौदा किलोमीटरवर, जाणं-येणं स्कूटीनं. घरचं नऊ एकर कोरडवाहू, त्यात कापूस, तूर, सोयाबीन. सासूबाईंचे गुडघे वर्षभरापासून धरलेत, पळतं पोरगं त्यांच्यानं आवरत नाही. मिस्टर म्हणतात, "तुझं तू ठरव." आणि मागच्या लसीकरण सत्राच्या दिवशी तुम्ही पावणेआठला घरी पोचलात तेव्हा पोरगं ओल्या चड्डीत, न जेवता ओसरीवर झोपलेलं, आणि सासूबाई बाजूला डोळे पुसत बसलेल्या. त्या रात्री तुम्ही ठरवलं की नोकरी सोडायची.

मी या खात्यात ३१ वर्षं काढली. आधी उपकेंद्रावर सिस्टर, नंतर आरोग्य सहाय्यिका, म्हणजे आपल्या भाषेत एलएचव्ही. हाताखाली सहा उपकेंद्रं. राजीनाम्याची भाषा करणाऱ्या सिस्टर किती पाहिल्या त्याची मोजदाद नाही, मीही त्यांतलीच एक. प्रत्यक्ष राजीनामा दिलेल्या तीन. एकीचं बरोबर होतं, एकीचं चुकलं आणि तिसरीचं मला अजून ठरवता आलेलं नाही. त्यांच्याकडे पुढे येतेच.

तुमचं लिहिणं मी दोनदा वाचलं. सकाळी पाचला उठून दोन डबे, पोळ्या, पाणी भरणं, मुलीची वेणी, हे सगळं तुम्ही लिहिलंय, पण त्यात तक्रार नाही. दुपारबद्दल तर एक ओळही नाही. रडू आलंय ते एकाच जागी, संध्याकाळी पाच ते आठ. तेव्हा मला जो प्रश्न दिसतो तो असा: या तीन तासांत तुमच्या घरात दोन वर्षांच्या लेकराचं कोणीच नाही. मिस्टर शेतातून यायचे असतात, सासूबाई थकलेल्या असतात, मुलीला शाळेचा अभ्यास असतो आणि तुम्ही रस्त्यावर असता. तीन तासांसाठी अख्खी नोकरी द्यायची का, असा हिशेब मांडून बघा. उत्तर 'हो' असंही येऊ शकतं. पण हिशेब हा मांडा.

माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक सिस्टरला मी एक काम सांगायची. भिंतीवरच्या कॅलेंडरचं मागच्या महिन्याचं पान फाडायचं, त्याच्या मागे सात दिवस लिहायचं. लेकरू कोणत्या वेळी कोणाजवळ होतं, तुम्ही कुठे होतात आणि जीव कधी कासावीस झाला. एवढंच. खोटं वाटेल, पण निम्म्या जणींची गाठ त्या पानावर सापडायची. एकीचा सगळा त्रास आठवड्यातल्या एकाच दिवसाचा निघाला. सत्र चारला संपायचं, मग लसीचा डबा प्राथमिक आरोग्य केंद्रात परत द्यायला ती उलट्या दिशेनं नऊ किलोमीटर जायची आणि तिथून घरी. डबे नेण्या-आणण्यासाठी एव्हीडीची, म्हणजे दुसऱ्या माणसाकरवी लस पोचवण्याची सोय असते, त्याचे पैसेही मिळतात. पण तिच्या उपकेंद्रावर ते काम कागदावरच होतं. मी मेडिकल ऑफिसरांसमोर विषय काढला, गावातल्या एका पोराला ते काम लागलं आणि ही बाई साडेपाचला घरी पोचायला लागली. राजीनाम्याचा विषय परत निघाला नाही. तुमच्या लिहिण्यातही 'सत्राच्या दिवशी' हेच शब्द आहेत म्हणून हे आधी सांगितलं. तुमचा डबा कोण परत नेतं ते पहिलं बघा.

यू-विनची, म्हणजे लसीकरणाच्या सरकारी ऑनलाइन नोंदीची एंट्री रात्री लेकरू झोपल्यावर अंगणात नेटवर्क शोधत करता, असं लिहिलंय. ती सत्राच्या जागीच आटपायची सवय लावा. आशाताई नोंद सांगतील, तुम्ही टाका. नेटवर्क नसेल तर नाइलाज आहे. पण बऱ्याचदा नेटवर्क असतं आणि आपल्याला घरी पळायची घाई असते, म्हणून राहून जातं. मीही रजिस्टरं अशीच घरी वाहून न्यायची.

आता माझी गोष्ट सांगते, कारण सगळ्यात महत्त्वाचं मला तिथेच कळलं.

१९९७ साली माझा मुलगा दीड वर्षाचा होता. आम्ही उपकेंद्राच्या क्वार्टरमध्ये राहायचो. रात्री-बेरात्री दार वाजायचं, मी बाळंतपणाला जायची आणि मुलगा मागे हंबरडा फोडायचा. एका रात्री मी परत आले तर तो तापानं फणफणलेला आणि त्याचे बाबा पाण्याच्या पट्ट्या ठेवत बसलेले. तोंडानं काही बोलले नाहीत. ते न बोलणं मला सहन झालं नाही. दुसऱ्या दिवशी राजीनामा लिहून तालुक्याला गेले. आस्थापनेचे बाबू म्हातारे होते. कागद वाचला, घडी करून मलाच परत दिला आणि विचारलं, "बाई, रजा संपल्या का तुमच्या सगळ्या?" अर्जित रजा मी आधीच खर्चून बसले होते. त्यांनी असाधारण रजेचा, म्हणजे बिनपगारी रजेचा अर्ज माझ्याकडून लिहून घेतला. चार महिने. जूनपासून.

पहिला महिना स्वर्ग होता. मुलाला मांडीवर घेऊन वरण-भात भरवायचा, दुपारी त्याच्यासोबत झोपायचं. मग पेरणी झाली, पाऊस लागला आणि निंदणाला बाया मिळेनात. सासूबाई म्हणाल्या, "तू घरीच तं आहेस न." त्यांचं चुकलं असंही नाही, वावरात तण गुडघ्याएवढं झालेलं. जुलैपासून मी सकाळी भाकरी बांधून वावरात आणि मुलगा घरी आजीजवळ. ऑगस्टमध्ये एका दुपारी धुऱ्यावर बसून मी मनात तास मोजले. नोकरीवर असताना मुलगा जितका वेळ माझ्याजवळ असायचा, त्याहून कमी वेळ आता होता. पगार नव्हता, लेकरूही जवळ नव्हतं आणि कंबर मोडली ती वेगळीच.

शहरातल्या बायकांना देतात तो सल्ला आपल्याला जसाच्या तसा लागत नाही, तो यामुळे. नोकरी सोडली की तो वेळ लेकराला मिळेल, असं आपण धरून चालतो. कास्तकाराच्या घरात मोकळ्या बाईचा वेळ आधी निंदणाला जातो, मग वेचणीला, मग महालक्ष्म्यांच्या तीन दिवसांच्या स्वयंपाकाला, पाहुण्यांना, दवाखान्यात कोणासोबत जायचं असेल तर त्याला. उरला तर लेकराला. नोकरीवर असलेल्या बाईला निदान "मला ड्युटी आहे" असं म्हणता येतं. घरच्या बाईजवळ हे वाक्य नसतं. तेव्हा राजीनाम्याआधी घरात सगळ्यांसमोर एकदा विचारा: मी घरी राहिले तर जुलैमध्ये निंदणाला कोण जाईल? मिस्टरांचं उत्तर काय येतं, त्याहून ते किती वेळानं येतं तिकडे लक्ष द्या.

"तुझं तू ठरव" याबद्दल एक सांगू? हे वाक्य ऐकायला मोकळीक दिल्यासारखं वाटतं. मला ते कधी आवडलं नाही. लेकरू दोघांचं, पगारावर चालणारं घर सगळ्यांचं आणि ठरवायचं मात्र एकटीनं. उद्या पैसे कमी पडले तरी तुम्हीच ठरवलेलं असतं आणि पोरगं आजारी पडलं तरी तुम्हीच. पाच ते आठमधला निदान एक तास मिस्टरांच्या नावावर लिहा. कॅलेंडरच्या त्याच पानावर, त्यांच्यासमोर. वेचणीच्या दिवसांत कापूस मोजायला त्यांना थांबावं लागतं हे मला माहीत आहे. पण वर्षात तसे दिवस किती? बाकीचे दिवस साडेपाचला घरी येऊन लेकराचे हातपाय धुऊन वरण-भात भरवणं कोणत्याही बापाला जमतं. आमच्या घरी पुढे तेच झालं.

आणि एखादी आजी बघा. आपल्या गावात पाळणाघर नसतं, अंगणवाडी ३ ते ६ वर्षांच्या लेकरांची, तीही दुपारपर्यंत, म्हणजे तुमच्या धाकट्याला अजून वर्षभर तिचा उपयोग नाही. तरण्या बाईला सांभाळायला ठेवलं तर दसऱ्यानंतर ती वेचणीला जाणारच. किलोमागे पैसे मिळतात, ती का थांबेल? मी एक विधवा आजी ठेवली होती. तिला वावरात जाणं होत नव्हतं, पण ओट्यावर बसून लेकराला गोष्टी सांगणं छान व्हायचं. महिन्याला दीडशे रुपये आणि वर्षाला एक कट्टा ज्वारी. तुम्हाला ती फक्त चार ते आठसाठी लागेल. सासूबाईंना हे सांगताना जपून सांगा, त्यांच्या जागी कोणी आणली असं त्यांना वाटायला नको. "तुमच्या सोबतीला" म्हणून आणा. आणि त्यांचे गुडघे एकदा यवतमाळला किंवा सेवाग्रामला दाखवून घ्या. घरातलं लेकरू सांभाळणारं माणूस दुखणाईत असेल तर त्याचं औषधपाणी हाही तुमच्याच प्रश्नाचा भाग आहे.

आता रजा. माझ्या वेळी नव्हती ती एक गोष्ट तुमच्याजवळ आहे. २३ जुलै २०१८च्या शासन निर्णयानं महिला कर्मचाऱ्यांना १८० दिवसांची बालसंगोपन रजा मिळाली आणि जिल्हा परिषदेच्या कर्मचारीही त्यात येतात. पूर्ण सेवेत मिळून १८० दिवस, एका वर्षात जास्तीत जास्त २ महिने, पहिल्या दोन हयात अपत्यांसाठी, अपत्य १८ वर्षांचं होईपर्यंत. पगार पूर्ण. मात्र हक्क म्हणून मागता येत नाही, मंजूर करून घेऊनच जावं लागतं. तुम्ही तिचा एक शब्दही काढलेला नाही, म्हणजे बहुतेक एकही दिवस घेतलेली नाही. शिवाय अर्जित रजा वर्षाला ३० दिवस जमा होते, १ जानेवारीला १५ आणि १ जुलैला १५, कमाल ३०० पर्यंत. अकरा वर्षांतली प्रसूती रजा वेगळी धरतात, ती यातून कापली जात नाही. म्हणजे बालसंगोपनचे दोन महिने आणि अर्जितचे दोन महिने, असे चार महिने पगारी तुमच्या हातात असायला हवेत.

ते चार महिने राजीनाम्याची रंगीत तालीम म्हणून वापरा. कधी घ्यायचे तेही सांगते. पावसाळ्यात मागू नका, साथीच्या दिवसांत मेडिकल ऑफिसर सोडणार नाहीत आणि त्यांचंही बरोबर असतं. मार्चमध्ये उद्दिष्टांची बोंब असते. मेमध्ये घेतली तर तालीम खोटी होते, मुलीला सुट्टी, वावरात काम नाही, सगळे घरात, सगळं गोड. दसऱ्यापासून घ्या. सोयाबीनची काढणी, मग वेचणी, दिवाळीचे पाहुणे. घर तुम्हाला किती ओढतं आणि लेकराला किती सोडतं, ते त्या दिवसांत कळेल.

पैशाचीही तालीम याच काळात होते. पगार हातात ४६ हजार येतो म्हणता. रजेच्या काळात तो आला की त्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाका आणि पासबुक कपाटात ठेवा. घर मिस्टरांच्या पैशावर चालवा. मुलीची व्हॅन, किराणा, सोसायटीचा हप्ता, सासूबाईंच्या गोळ्या, सगळं. शेतीचा पैसा वर्षातून एक-दोनदा येतो, दवाखाना आणि शाळा दर महिन्याला मागतात, हे तुम्हाला मी काय सांगावं. चार महिने निभलं तर पुढचं बोलता येईल. दुसऱ्या महिन्यातच कपाट उघडावं लागलं तर तेही उत्तरच आहे.

ज्या सिस्टरचं चुकलं म्हणाले, तिनं ही तालीम केली नव्हती. २०१६च्या दिवाळीत तिनं राजीनामा दिला. त्या वर्षी कापूस बरा होता, घरात पैसा खेळत होता. २०१७ला गुलाबी बोंडअळी आली. यवतमाळ जिल्ह्यात त्या वर्षी काय झालं ते तुम्ही पाहिलंच असेल, बोंडं फोडली की आत अळी. कृषी केंद्राची उधारी तशीच राहिली. पुढच्या उन्हाळ्यात ती माझ्या घरी आली, चहा घेतला आणि कंत्राटी जागा कुठे आहे का विचारलं. मिळाली, शेजारच्या तालुक्यात, निम्म्याहून कमी पगारावर, पहिल्यापेक्षा दुप्पट लांब. ज्या मुलासाठी सोडलं तो आता मामाकडे शिकतो.

जिचं बरोबर होतं तिच्या मुलीला सेरेब्रल पाल्सी होती. नागपूरला सारखी फिजिओथेरपी, मुलीला एक तासही एकटं ठेवणं शक्य नाही. नवरा शिक्षक, त्याचा पगार बांधलेला. तिला कोणी थांबवायला नको होतं, मीही थांबवलं नाही. आज तिच्यासारखी कोणी हे वाचत असेल तर तिनं राजीनाम्याआधी विशेष बालसंगोपन रजेची चौकशी करावी. दिव्यांग अपत्यासाठी ती वेगळी आहे, ७३० दिवसांची. तिच्या वेळी नव्हती.

तिसरीनं सोडून शेळ्या पाळल्या. लेकरं चांगली आहेत, ती हसतमुख आहे, अंगानंही सुधारली. पण बाजारात भेटली की पहिला प्रश्न असतो, "यंदा एलएचव्हीच्या प्रमोशनमध्ये कोणाचं नाव आलं, मॅडम?" तिचं बरोबर की चूक, ते मला सांगता येत नाही.

परतीचा रस्ता जवळजवळ बंद असतो, हेही माहीत असू द्या. राजीनामा एकदा मंजूर झाला की परत यायचं म्हणजे नव्यानं जाहिरात, नव्यानं परीक्षा, तीही कालपरवा जीएनएम-एएनएम हे नर्सिंगचे कोर्स करून आलेल्या पोरींसोबत. वयाची अट खुल्या प्रवर्गाला ३८, मागास प्रवर्गाला ४३. तुम्ही ३४च्या. धाकटा पहिलीत जाईल तेव्हा ३८ झालेलं असेल. तुम्ही १ नोव्हेंबर २००५ नंतरच्या, त्यामुळे तुमचं एनपीएस, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजना आहे. निवृत्तीच्या वयाआधी बाहेर पडलं तर जमा रकमेतला मोठा हिस्सा अ‍ॅन्युइटीत, म्हणजे ठरावीक पेन्शन देणाऱ्या विमा योजनेत अडकतो, सगळी रक्कम हातात येत नाही. आपल्या खात्यावर किती आहे आणि आज बाहेर पडलं तर हातात किती येईल, ते आकडे लिहून घ्या. जुन्या पेन्शनच्या सिस्टर वाचत असतील तर त्यांनी राजीनामा हा शब्दच काढू नये. १९८२च्या निवृत्तिवेतन नियमांप्रमाणे राजीनाम्यानं मागची सेवा जाते. वीस वर्षं झाली असतील तर तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घ्यावी. कागद तोच दिसतो, फरक जन्माचा पडतो.

बदलीबद्दल विचारलंय. पती-पत्नी एकत्रीकरण तुम्हाला लागू होणार नाही, ते नोकरीत असलेल्या जोडप्यांसाठी. कास्तकार नवऱ्याचं वावर उचलून नेता येत नाही हे सरकारला मान्य नाही, काय करता. विनंती बदलीचा अर्ज मात्र द्या. चौदाचे सहा किलोमीटर झाले तरी तुमच्या पाच ते आठमधला अर्धा तास वाचतो. क्वार्टरमध्ये राहायला जाणं हा दुसरा उपाय, नियमानं मुख्यालयी राहायचंच असतं. पण क्वार्टरची हालत, सासूबाई मागे राहणं आणि रात्रीचं दार, हे बघून ठरवा. मी राहिले, माझं निभलं. सगळ्यांना सांगणार नाही.

म्हणजे क्रम असा ठेवा. या आठवड्यात कॅलेंडरचं पान आणि लसीच्या डब्याची सोय. मग चार ते आठची आजी आणि मिस्टरांचा एक तास. दसऱ्यापासून रजा, पगार कपाटात. त्यानंतरही लेकरू ओसरीवर उपाशी झोपत असेल आणि घर पगारावाचून चालत असेल तर खुशाल राजीनामा लिहा. मी तुम्हाला दोष देणार नाही, दुसऱ्या कोणालाही देऊ देऊ नका.

तालुक्याला जाल तेव्हा सेवापुस्तक काढून रजेचा हिशेब स्वतः डोळ्यांनी बघा. माझ्या पुस्तकात एका वर्षाची अर्जित रजा चढवलेलीच नव्हती, निवृत्तीला दोन वर्षं राहिली तेव्हा सापडली. आणि अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. शिपाई म्हणेल, "ठेवा मॅडम, मी देतो साहेबांना." ठेवू नका. शिक्का मिळेपर्यंत तिथल्या बाकड्यावर बसून राहा, डबा सोबत न्या.